आगाऊ चौकोन

कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय कागद.
बारा आडवे, वीस उभे, दोनशे चाळीस चौकोन,
एकेक पाचशेचा.
व्याजाला चौकोन नाहीत.
ते पगारातून परस्पर जातं, दर पाच तारखेला,
तोंड न दाखवता.

कागद आमच्याच दुकानातला, शेवटच्या रिममधला.
'दुर्वा झेरॉक्स', कोपरखैरणे, सेक्टर पंधरा.
अकरा महिने चाललं.
मशीन तुर्भ्याच्या एका माणसानं नेलं,
घेतलं त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात.
बोर्ड राहिला. तो आता पलंगाखाली आहे,
त्यावर कांदे-बटाटे पसरतो आम्ही,
लेकीच्या नावावर.

रोज पावणेआठला खडपकर येतात, पतपेढीचे.
हेल्मेट काढत नाहीत.
पिग्मीचं मशीन बोटभर पावती काढतं,
पन्नास. कधी ऐंशी.
एकदा नुसते वीस दिले तर म्हणाले,
वीस तर वीस, थेंबे थेंबे तळे साचे.
मला सेक्टरमागचा होल्डिंग पाँड आठवला.
तळंच ते,
पण त्याची भरती-ओहोटी खाडीच्या हातात.

पन्नास कुठून येतात?
रबाळ्याहून सुटलो की दोन स्टॉप आधी उतरतो.
कटिंग एकच, तोही शिफ्ट संपताना.
सुलक्षणा फॉल-पिको करते, शिवाय
भाजीवाला उठायच्या वेळी बाजारात जाते,
तेव्हा कोथिंबीर फुकट मिळते, मान टाकलेली.
असंच सगळं. सांगण्यासारखं काही नाही यात.
पाचशे झाले की एक चौकोन,
आमसुली खडूनं.

एकाहत्तर झाले होते.
मग सासऱ्यांचा मोतीबिंदू निघाला,
आणि दोन महिने कागद तसाच.
शर्टासाठी कपाट उघडायचो
आणि डोळे हँगरवरच ठेवायचो.

एका शनिवारी घरी आलो तर कपाट सताड उघडं,
दुर्वा स्टुलावर, जीभ ओठाबाहेर,
गुलाबी खडू झिजवून झिजवून नखाएवढा.
"बाबा, सतरा केले! आता लवकर संपेल ना?"

हात उगारला नाही. मोजले फक्त.
सतरा. साडेआठ हजार.
मेणाचा खडू खोडरबरानं जात नाही,
नुसता पसरतो.
सुलक्षणा म्हणाली, नवा कागद लाव,
अर्धी रिम पडलीये की.
मी म्हटलं, राहू दे.
रंगवलेत ना, भरू.

सात महिने लागले.
लॅमिनेशनचं मशीन विकलं, जे
'परत सुरू करू' म्हणून माळ्यावर ठेवलं होतं.
दिवाळीत गोदामात डबल ड्यूटी केली,
लोकांचे फराळाचे खोके चढवले-उतरवले,
एकातून चकलीचा वास येत होता रात्रभर.
पाचशे जमले की गुलाबीत
पेनानं बारीक टिंब,
कुणाला दिसू नये इतकं,
मला दिसावं इतकं.
गंमत अशी की रिकामा चौकोन
मला कधी काही बोलला नव्हता,
हे भरलेले मात्र रोज विचारायचे.

सतरावं टिंब दिलं त्या रात्री
दुर्वाला काही सांगितलं नाही.
तिच्या हिशोबी
ते केव्हाच फिटलेले.

आता एकशे बावन्न उरलेत.
खडूंचा डबा माळ्यावर, मशीन होतं तिथे.
काल खडपकरांना दहाच दिले.
त्यांनी पावती दिली, म्हण नाही सांगितली.
दोघी झोपल्यावर मी स्टूल ओढलं,
डबा खाली काढला
आणि एक चौकोन रंगवला.
आगाऊ. गुलाबीच.

मग दार लावलं पटकन,
नव्वदावा मोहात पाडायच्या आत.